नागपूरचा कुलर पांढरी पाचात वाजतो

१० एप्रिल, रात्र

कल्याण स्थानकावर पाठीला बेस गिटार लावून उभं राहिलं की कोणीतरी विचारतंच. आज हमालाने विचारलं, "ताई, सतार का?" मी म्हटलं, गिटार. तो म्हणाला, "एवढी लांब?" मग विदर्भ एक्स्प्रेस आली आणि माझी सुटका झाली.

नागपूरचा माझा एक मित्र बुद्ध-भीम गीतांच्या पार्टीत कीबोर्ड वाजवतो. त्यांचा बेसवाला गाडीवरून घसरला आणि मनगट प्लास्टरमध्ये गेलं. कार्यक्रम १३ आणि १४ एप्रिलला, म्हणजे जयंतीचे. मित्र म्हणाला, "तिकीट आमचं, जेवण आमचं, मानधनाचं विचारू नको." मी डोंबिवलीत एका ऑफिसात हिशेब लिहिते. ३१ मार्चचं क्लोजिंग नुकतंच संपलं होतं, त्यामुळे चार दिवसांची रजा मागताना साहेबांना नाही म्हणता आलं नाही.

बर्थ वरचा मिळाला. बेस जवळजवळ चार फूट लांब, आणि खाली सीटखाली सरकवायची माझी हिंमत होत नाही. मग आम्ही दोघींनी एकच बर्थ वाटून घेतला. ती भिंतीकडे, मी कडेला.

मित्राने बावीस गाण्यांचं रेकॉर्डिंग पाठवलंय, सोबत गाण्यांची यादी आणि प्रत्येकापुढे पट्टी, म्हणजे पेटीवरची कोणती काळी-पांढरी पट्टी 'सा' धरायची ते. बहुतेक काळी दोन, काही काळी एक. इथेच माझं पोट दुखायला लागलं. बेसच्या चार सुट्या तारा खालून वर ई, ए, डी, जी. गिटारवर बसवलेली गाणी या तारांच्या सोयीने बनतात, म्हणजे ईमध्ये नाहीतर एमध्ये. पेटीवर गाणाऱ्या माणसाला त्याचं काय? त्याचा गळा काळी दोनला खुलतो. काळी दोन म्हणजे ई फ्लॅट, माझ्या सर्वांत खालच्या सुराच्या अर्धा सूर खाली. म्हणजे षड्ज, तो 'सा', खाली मिळणारच नाही, ए तारेच्या सहाव्या फ्रेटवर, म्हणजे पडद्यावर, जाऊनच घ्यावा लागणार. इगतपुरीपर्यंत यादीवर फ्रेटचे आकडे लिहीत बसले. नंतर झोप.

११ एप्रिल

जाग आली तेव्हा बडनेरा गेलं होतं. धामणगाव, पुलगाव, वर्धा. खिडकीबाहेर सगळं पिवळं आणि कोरडं. नागपूरला उतरले तेव्हा सकाळचे नऊसुद्धा धड वाजले नव्हते, तरी प्लॅटफॉर्मवरून भट्टीसारखी झळ येत होती. गंमत म्हणजे घाम नाही. डोंबिवलीत एप्रिलमध्ये माणूस उभ्या उभ्या भिजतो. इथे घाम येतो न येतो तोच उडून जातो आणि ओठ तडकतात.

मित्राचं घर इंदोऱ्यात. त्याच्या आईने दारातच पाण्याचा तांब्या पुढे केला आणि वर म्हणाल्या, "घे ना बेटा, लाजून काय रायली?" मग तर्री पोहा. पोह्यांवर काळ्या चण्यांची लालभडक तर्री, वर कांदा आणि "सांबार". मी सांबाराची वाट बघत थांबले. हसू झालं. इथे सांबार म्हणजे कोथिंबीर.

जेवण झाल्यावर बेस काढली, ट्यून केली आणि ई तारेवर पहिल्या फ्रेटवर बोट ठेवलं तर खर्रर्र. दुसऱ्यावर खर्रर्र, तिसऱ्यावरही. जणू तारेत माशी अडकलीय. प्रवासात काही तुटलं की काय म्हणून आधी हातपाय गळाले. मग डोकं चाललं.

बेसची मान लाकडी. तारांचा ताण तिला पुढे वाकवतो आणि मानेच्या आत बसवलेली लोखंडी सळई, ट्रस रॉड, तिला मागे ओढून धरते. दोघांच्या ओढाताणीत मान अगदी किंचित पुढे वाकलेली राहते, आणि तेवढ्या बाकामुळे तार फ्रेटला न घासता थरथरते. माझी मान वर्षभर समुद्राजवळची दमट हवा पिऊन बसलेली. नागपूरच्या कोरड्या हवेत लाकडातलं पाणी उडालं, मान सरळ झाली, तारा फ्रेटला लागल्या. बघायची पद्धत सोपी आहे. तार पहिल्या फ्रेटवर दाबायची, शेवटच्या फ्रेटवर दाबायची आणि मध्ये, सातव्या-आठव्या फ्रेटपाशी, किती फट दिसते ते बघायचं. एक व्हिजिटिंग कार्ड जेमतेम सरकेल एवढी हवी. माझ्याकडे कागदसुद्धा सरकला नसता.

ॲलन की, म्हणजे षटकोनी पाना, नेहमी गिगबॅगच्या कप्प्यात असते. घड्याळाच्या उलट्या दिशेने पाव फेरा सैल केला, श्वास रोखून. ट्रस रॉडचा नट फिरवताना मला अजूनही दात काढायला बसल्यासारखं वाटतं. जास्त फिरवला तर पुढची कहाणी दुरुस्तीवाल्याच्या दुकानात. परत ट्यून केली, कार्ड सरकवून बघितलं. खरखर ऐंशी टक्के गेली. उरलेली वीस टक्के रात्री बघू म्हटलं.

संध्याकाळी तालीम. जागा म्हणजे मित्राच्या घरामागची खोली, दहा बाय बारा, खिडकीत ट्रंकेएवढा लोखंडी कुलर. ढोलकवाले मामा आधीच येऊन बसले होते. साठीचे, पांढऱ्या मिशा, कपाळाला दुपट्टा. त्यांनी माझ्या बेसकडे पाहिलं, तारा मोजल्या.

"काऊन बेटा, बाकीच्या दोन कुठं गेल्या?"

"एवढ्याच असतात मामा."

"बरं हाये. कमी तारा, कमी भांडण."

मग त्यांनी ढोलक पुढे ओढली आणि खिशातून छोटा पाना काढला. नटबोल्टची ढोलक. उन्हात कातडं ताणलं जातं, सूर चढतो, मग एकेक नट सैल करत तो खाली आणायचा. मी काही न बोलता माझी ॲलन की काढून दाखवली. तेव्हा ते पहिल्यांदा हसले.

तालीम वाईट झाली. खोलीत नुसता घुमारा. खालच्या ईची कंपनं सेकंदाला ४१, त्या लहरीची लांबी आठ मीटरच्या वर. दहा बाय बाराच्या खोलीत ती बिचारी उलगडणार कुठे? भिंतींवर आपटते. एका कोपऱ्यात कानठळ्या, दोन पावलं पुढे आलं की काहीच नाही. त्यात मित्राचा डावा हात कीबोर्डवर बेस वाजवतच होता. सवय! मी ऐकलेल्या बहुतेक पार्ट्यांत बेस गिटार नसतेच, कीबोर्डवाल्याचा डावा हात ते काम उरकतो. म्हणजे मी, मित्राचा डावा हात आणि मामांच्या ढोलकचं डावं, खर्जातलं तोंड, असे तिघंजण एकाच बाकावर बसायला धडपडत होतो.

मामा काही बोलले नाहीत. निघताना एवढंच म्हणाले, "उद्या सकाळी ये. पोट्ट्याले नको आणू."

१२ एप्रिल

झोप कुलरसमोर. रात्री मध्येच उठून मी एक मूर्खपणा केला, ज्याबद्दल मी स्वतःवर खूश आहे. बेसची सुटी जी तार हळूच छेडली आणि कान कुलरला लावला. आपल्याकडची वीज ५० हर्ट्झची, मोटारीची घुरघुर तिच्या दुपटीत, म्हणजे १०० वर. माझी जी तार ९८ वर. दोन्ही एकत्र वाजले की आवाज लाटेसारखा कमी-जास्त होतो, सेकंदाला दोनदा. वांव-वांव-वांव. जी म्हणजे पांढरी पाच. नागपुरातला प्रत्येक कुलर रात्रभर किंचित चढी पांढरी पाच लावून बसलेला असतो. एवढ्या मोठ्या शहरात एवढे तंबोरे!

मामांचं घर दोन गल्ल्या पलीकडे. चहा झाला. ढोलक मांडीवर घेऊन म्हणाले, कालचं दुसरं गाणं वाजव, एकटी. मी वाजवलं.

"भल्लीच गर्दी करून रायली तू."

मी म्हटलं, मामा, मी फक्त मूळ सूर वाजवतेय. चार ठोक्यांतल्या एकवर आणि तीनवर. याहून कमी काय वाजवू?

"तीन म्हणजे कोणता?"

मी टाळी देऊन दाखवलं. त्यांनी माझ्या टाळीवर कहरवा, आठ मात्रांचा ताल, लावला आणि तोंडाने बोल म्हटले, सावकाश, शाळेत पाढे म्हणतात तसे. धा गे ना ती, ना के धी ना. माझा एक त्यांच्या 'धा'वर पडला. माझा तीन पडला पाचव्या मात्रेवर. दुसऱ्या 'ना'वर. म्हणजे तालातल्या 'खाली'वर, जिथे वजन द्यायचं नसतं.

"मले सांग, इथं माहा डावा हात काय करून रायला?"

मी पाहिलं. काहीच करत नव्हता. तळवा कातड्यावर टेकवून बसला होता.

"बंद हाये ना? धा उघडा, गे उघडा. मंग ना, ती, ना, के, चारही बंद. धी आला का मंग उघडला. मी दार लावून घेतो अन् तू तिथंच येऊन धाडकन लाथ मारते."

पाच वर्षं मी मेट्रोनोम लावून शिकलेय. आधी ऑनलाइन क्लास, मग ठाण्यात एका सरांकडे दर रविवारी. एक आणि तीन हा माझ्या हाताचा श्वास झालाय. आठ मात्रा चार ठोक्यांत बसवल्या की तिसरा ठोका पाचव्या मात्रेवर येतो, हे गणित तिसरीतल्या पोरालाही जमेल. मला ते आजवर दिसलं नव्हतं, कारण मी कायम ड्रमच्या किकबरोबर, पायाने वाजवतात त्या मोठ्या ड्रमबरोबर, वाजवलंय. तिथे तीनवर दार उघडं असतं.

दोन तास आम्ही एवढंच केलं. धा, गे आणि धी. एक, दोन आणि सात. बस. अवघड काय होतं ते सांगते. पाचवर न वाजवणं दहा मिनिटांत जमलं. पण बेसची तार एकदा छेडली की ती चार-पाच सेकंद सहज गुणगुणत राहते. म्हणजे 'गे'वर वाजवलेला सूर माझ्या नकळत 'ना'वरही उरतो, 'ती'वरही. मामांचा हात बंद आणि माझी तार उघडी. सूर सुरू करणं उजव्या हाताचं काम, थांबवणं डाव्याचं, बोट फ्रेटवरून अर्धं उचलायचं, तारेवरून नाही. पूर्ण उचललं तर सुटी तार बोंबलते. अर्धं उचललं तर ठक् असा मिटलेला शांतपणा. ते 'अर्धं' पकडताना माझी करंगळी सुजली.

मध्येच मामांनी बेसच्या मानेवरून बोट फिरवलं. "याले पडदे काऊन? सारंगीले नसतात."

मी सांगितलं, आधी माणसाएवढा उभा बेस असायचा, त्याला पडदे नव्हते. १९५१ साली लिओ फेंडरच्या कंपनीने पडद्यांची बेस गिटार बाजारात आणली आणि तिचं नावच प्रिसिजन ठेवलं. पडद्यामुळे सूर अचूक लागतो म्हणून.

"म्हंजे सूर चुकायची सोयच नाही ठेवली."

"हो ना."

"तरी चुकते तू. वेळेत."

दुपारी मित्राशी डाव्या हातावरून वाटाघाटी. त्याने आधी "हो हो, नाही वाजवणार" म्हटलं आणि पुढच्याच गाण्यात वाजवला. शेवटी मी म्हटलं, डाव्या हाताने कॉर्ड वरच्या सप्तकात धर. हाताला काम दिलं तेव्हा तो थांबला.

१३ एप्रिल

सकाळी इंदोरा चौकातून मेट्रो. गड्डीगोदामपाशी खाली रेल्वे, वर उड्डाणपूल आणि त्याच्याही वर आपण. सीताबर्डीला उतरून रिक्षाने दीक्षाभूमी. १४ ऑक्टोबर १९५६ ला बाबासाहेबांनी लाखो लोकांसह धम्मदीक्षा घेतली ती ही जागा. बाहेर निळ्या झेंड्यांची, पुस्तकांची, कॅलेंडरांची दुकानं लागत होती. आत स्तूपाच्या घुमटाखाली एका लहान पोराने "आई" म्हणून हाक मारली आणि ती हाक बराच वेळ वर फिरत राहिली. मी थोडा वेळ बसले. नंतर ऊन चढलं आणि परतले. डोक्याला, तोंडाला दुपट्टा गुंडाळून, इथल्या मुलींसारखी.

रात्रीचा कार्यक्रम वस्तीतल्या मैदानात. समोर रस्ताभर माणसं, पुढच्या सतरंजीवर पोरं, कडेला आज्या. मी केबल लावली आणि स्पीकरमधून घुंऽऽऽ. सगळीकडे. साउंडवाला पोरगा धावत आला. मी बेस हातात धरली की थोडं कमी, सोडली की जास्त, म्हणजे अर्थिंगची बोंब. बेस मिक्सरला जोडणाऱ्या डबीवरचं, डीआय बॉक्सवरचं, ग्राउंड लिफ्टचं बटण दाबलं, थोडा फरक पडला. मग त्या पोराच्या लक्षात आलं की लाइटचे डिमर आणि आमचे ॲम्प एकाच बोर्डवर आहेत. त्याने प्लग दुसरीकडे नेला. आवाज बसला. उरली एक बारीक गुणगुण, तिलाही कोणता सूर म्हणायचं ते आता मला माहीत होतं.

पहिलं गाणं सुरू झालं आणि मला माझाच आवाज येईना. काल भिंती जास्त होत्या, आज एकही नाही. मोकळ्यावर खालचा सूर स्टेजवरून सरळ लोकांत जातो, वाजवणाऱ्याकडे परत येत नाही. मॉनिटर एकच आणि तो गायकांसमोर. माझी जुनी खोड, ऐकू आलं नाही की जोरात मारायचं. मारलं. मामांनी मान न वळवता उजवा हात किंचित हलवला, माशी हाकलतात तसा.

मग मी ऐकायचं सोडून दिलं आणि बघायला लागले. मामांचा डावा तळवा. उघडला की वाजव, टेकला की मिटव. चार-पाच गाणी मी अशीच काढली, बहिऱ्या माणसासारखी. तिसऱ्या गाण्यानंतर पुढच्या आज्या टाळ्या द्यायला लागल्या. त्या टाळ्या पाचवर पडत होत्या की काय, ते बघायला मला फुरसत नव्हती.

मध्यंतरानंतर गायक माइकपासून वळून म्हणाले, "गळा बसला, काळी एक घेऊ." मित्राने कीबोर्डचं ट्रान्स्पोजचं बटण दोनदा दाबलं, झालं. मला असं बटण नाही. सगळे आकार दोन फ्रेट मागे. ते निभलं असतं, पण एका गाण्यात मी काळी दोनच्या गंधारासाठी सुटी जी वापरली होती, सोय म्हणून. हात सवयीने तिथेच गेला. काळी एकच्या षड्जाला जी म्हणजे तीव्र मध्यम! गायकांनी मागे वळून पाहिलं. मित्राने पाहिलं. मामांनी पाहिलं नाही, ते मिशीत हसत होते. अख्ख्या रात्री माझा एकच सूर मला स्पष्ट ऐकू आला, आणि तो हा. कुलरचा.

बाराला फटाके. "जय भीम"चा घोष एका गल्लीतून दुसऱ्या गल्लीत जाताना ऐकू येत होता. आम्ही स्टेजवर वायरी गुंडाळत होतो आणि खाली पोरं नाचत होती. कोणीतरी हातात निळ्या क्रीमचा केक ठेवला.

१४ एप्रिल

अकराला उठले. आजचा कार्यक्रम छोटा होता, आठ गाणी, सगळी काळी एकात. ठीक झाला. रात्री सावजी मटण. मित्र म्हणाला, "झेपलं तर खा." पहिल्या घासाला काही नाही, दुसऱ्याला कान गरम, तिसऱ्यानंतर मी फक्त भाकरी खाल्ली. मामा शाकाहारी निघाले. एवढा ढोलक वाजवणारा माणूस शाकाहारी असेल असं मला का वाटलं नव्हतं, कोण जाणे.

१५ एप्रिल

गाडीपर्यंत वेळ होता. झिरो माइलचा खांब बघितला, शेजारचे चार घोडे बघितले, दोन फोटो काढले. उन्हात त्याहून जास्त थांबवलं नाही. संत्र्यांचा मोसम सरत आलेला, गाडीवरची फळं सुकट वाटली. म्हणून ऑफिससाठी संत्रा बर्फी घेतली.

गाडीत बसल्यावर मित्राने परवाचं रेकॉर्डिंग पाठवलं. मोबाइलच्या स्पीकरवर लावलं तर मी त्यात नाहीच. साहजिक आहे, एवढ्याशा स्पीकरला इतके खालचे सूर झेपत नाहीत. शेजारच्या काकूंनी विचारलं, यात तू काय वाजवतेस? मी म्हटलं, हे सगळं सोडून उरतं ते. त्यांनी सहानुभूतीने चिवडा दिला.

भुसावळ सोडलं तेव्हा मामांचा व्हॉइस मेसेज आला. मागे त्यांचा कुलर घुरघुरत होता.

"बेटा, पोट्ट्याचे हेडफोन लावून ऐकलं. तिसऱ्या गाण्यात, दुसऱ्या अंतऱ्यात, पाचव्या मात्रेवर वाजवलं तू. दोनदा. बाकी बरं हाये. पोचली का सांग."

इअरफोन लावून तिसरं गाणं काढलं. दुसरा अंतरा. एकदा सापडलं लगेच. दुसरं शोधायला तीन वेळा मागे जावं लागलं.